सेंट पीटर-सेंट पॉलचे खडक नकाशावर सापडत नाहीयेत? या चुका टाळा

अटलांटिकच्या मधोमध, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून हजारेक किमीवर हे मूठभर खडक आहेत आणि नकाशावर टाकताना हमखास घोळ होतो, मीही घातलाय. नुसतं ‘साओ पाउलो’ सर्च केलं की ते अवाढव्य शहर येतं, ‘सेंट पॉल बेट’ टाकलं तर हिंदी महासागरातलं फ्रान्सचं बेट. त्यापेक्षा सरळ अक्षांश-रेखांश टाका.

पण खरी माती तिथेच खाल्ली जाते. पुस्तकात असतं 0 अंश 55 मिनिटं उत्तर, आपण घाईत टाइप करतो 0.55. अहो, अंशाची मिनिटं 60 असतात, 55 भागिले 60 म्हणजे 0.92, तेवढ्या चुकीने पिन चाळीसेक किमी दक्षिणेला नुसत्या पाण्यात पडते. रेखांश 29 अंश 20 मिनिटं पश्चिम, म्हणजे मायनस 29.33, आणि ते मायनस विसरलात तर थेट काँगोच्या जंगलात. मी अर्धा तास त्या झाडांत समुद्र शोधत बसलो होतो. ब्राझीलचं आहे म्हणून अक्षांशालाही मायनस लावू नका, खडक विषुववृत्ताच्या उत्तरेला आहेत.

पिन बरोबर पडली तरी काही दिसत नाही? झूम करत राहा, सगळे खडक मिळून चारेक एकर, सगळ्यात उंच टोक 18 मीटर. पांढरं दिसेल ते लाटांचा फेस समजून सोडून देऊ नका, पक्ष्यांच्या विष्ठेने खडकच पांढरे झालेत.

अटलांटिकमधलंच असेन्शन बेट ज्वालामुखीचं, म्हणून हेही तसलंच, असं लिहून मोकळे होतात लोक. चूक. इथे कवचाखालच्या प्रावरणाचा खडक, पेरिडोटाइट, भ्रंशाच्या, म्हणजे कवचातल्या मोठ्या भेगेच्या, रेट्याने वर आलाय. डार्विन फेब्रुवारी 1832 मध्ये इथे उतरला तेव्हाच त्याला हा ज्वालामुखीचा खडक वाटला नव्हता. पक्ष्यांच्या घरट्याशेजारी ठेवलेला उडता मासा खेकडा कसा पळवतो, तेही त्याने बघून ठेवलंय.

आणि लोकसंख्येच्या रकान्यात 4 लिहू नका. 1998 पासून तिथे ब्राझीलचं संशोधन केंद्र आहे, चार-चार जण पाळीपाळीने पंधरा दिवस राहतात, कायमचं कोणीच नाही. गोडं पाणी नाहीच, समुद्राचंच मीठ काढून प्यायचं. माणसं टिकवण्याचा आटापिटा एवढ्यासाठी, की ज्या खडकावर माणूस राहू शकत नाही त्याला समुद्री कायद्यात 200 सागरी मैलांचा आर्थिक पट्टा, म्हणजे तिथल्या मासे-खनिजांवरचा हक्क, मिळत नाही.