फ्लॅट गार ठेवायचा तर आधी ऊन बाहेरच अडवा

उकडायला लागलं की एक हात पंख्याच्या बटणाकडे जातो आणि दुसरा खिडकीकडे. पंख्याचं नंतर बघू, खिडकीचं मात्र भर दुपारी हमखास चुकतं. बाहेर ३९ अंश आणि घरात ३२ असताना खिडकी सताड उघडली, की वारा येतो आणि त्याच्याबरोबर झळाही येतात. फ्लॅट गार ठेवणं हे बरंचसं वेळ सांभाळण्याचं काम आहे.

पायरी १ : घर कुठून तापतं ते हाताने बघा

एक दिवस दुपारी चारला आणि परत रात्री नऊला प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर तळवा टेकवून बघा. वीट आणि काँक्रीट ऊन शोषून घेतात, पण ती उष्णता आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात. माझ्या झोपायच्या खोलीची पश्चिमेची भिंत चारला नुसती कोमट लागायची आणि नऊला पाठ टेकवत नसे. दोन वर्षं मी पलंगाची उशाकडची बाजू त्याच भिंतीला लावून झोपत होतो आणि नावं ठेवत होतो पंख्याला. पलंग समोरच्या भिंतीला नेला, फुकटात निम्मं काम झालं.

पायरी २ : ऊन काचेच्या बाहेर अडवा

भिंतीपेक्षा मोठी वाट म्हणजे काच. ऊन तिच्यातून आरपार येतं, पण आत तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता तिच्यातून तशी परत जात नाही. म्हणून पडदा आतून लावून फायदा अर्धवटच होतो. उन्हाच्या वेळी पडदा आणि काच यांच्या मधे हात घालून बघा, तिथली हवा चटका देते. ती पडद्याच्या वरून हळूहळू खोलीतच पसरते.

तेच ऊन बाहेर अडवलं तर काच फारशी तापत नाही. बांबूचा चिक, शेडनेट, बाहेरून लावायचं शटर, बाल्कनीत दाट वाढलेला वेल, काहीही चालेल. पश्चिमेच्या खिडकीला छज्जावर भिस्त ठेवू नका. उतरतं ऊन तिरपं येतं, छज्जाखालून सरळ आत शिरतं. तिथे उभा, खालपर्यंत येणारा आडोसाच हवा. वरच्या मजल्यावर असाल तर चिक खालूनही घट्ट बांधा, वाऱ्याने सुटलेली काठी रस्त्यावर पडता कामा नये.

घर भाड्याचं असेल, बाहेर काही लावू देत नसतील, तर बाहेरच्या अंगाला पांढरं अस्तर असलेला पडदा घ्या आणि ऊन खिडकीवर यायच्या आधी ओढा. खोली तापल्यावर ओढलेल्या पडद्याने फक्त अंधार होतो. काचेवर आतून फॉइल किंवा फिल्म चिकटवण्याआधी मात्र ती त्या काचेला चालते का ते विचारून घ्या. काही काचा असमान तापून तडकतात.

पायरी ३ : खिडक्यांना वेळापत्रक लावा

दोन साधे थर्मामीटर घ्या. एक घरात, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की खिडक्या बंद, खाली आला की उघड्या. एवढाच नियम.

रात्री नुसती खिडकी उघडून भागत नाही, तापलेली हवा बाहेर ढकलावी लागते. एका खिडकीत टेबल फॅन तोंड बाहेर करून ठेवा. समोरच्या बाजूची, दिवसा सावलीत असणारी एकच खिडकी उघडी ठेवा, मधली दारंही उघडी. बाकी सगळं बंद. पंख्याचं तोंड बाहेर हे विचित्र वाटतं, पण करून बघा. पलीकडच्या खिडकीत बसलात तर गार झुळूक अंगावर येते. खिडक्या एकाच अंगाला असतील तर स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट फॅन हेच काम करतो. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा सगळं मिटायचं.

जागतिक आरोग्य संघटना खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या आत ठेवायला सांगते. रात्रही तापलेली असेल तर २४ गाठणं अवघड, पण आपण किती दूर आहोत ते तरी कळतं.

पायरी ४ : घरातली उष्णता कमी करा

वीज खाणारी प्रत्येक वस्तू शेवटी खोलीच तापवते. जुना ६० वॉटचा बल्ब, सतत चालू राहणारा कॉम्प्युटर, ओव्हन. शांत बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, त्याला काही इलाज नाही. गॅस आणि इस्त्री सकाळी लवकर उरका. फ्रिजचं दार उघडून समोर उभं राहू नका, तो आतून जेवढी उष्णता काढतो त्याहून जास्त मागून सोडतो.

पायरी ५ : पंखा आणि पाणी

पंखा खोली गार करत नाही, घाम सुकवून आपल्याला गार करतो. रिकाम्या खोलीतला पंखा उलट थोडी भरच घालतो. आणि खोली ४० अंशांच्या वर गेली तर पंख्यावर विसंबू नका, तेव्हा तो अंग तापवू शकतो. अशा वेळी, विशेषतः म्हातारी माणसं आणि बाळं असतील तर, गार जागी हलवणं आणि अंग ओल्या कापडाने पुसणं महत्त्वाचं. कोणी असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली तर ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा.

हवा कोरडी असेल तर पाण्यासारखा स्वस्त गारवा नाही. एक लिटर पाणी सुकताना जेवढी उष्णता ओढतं, तेवढी काढायला एक टनाच्या एसीला अकरा-बारा मिनिटं लागतात. म्हणून ओला पडदा, कूलर. पण खिडकी किलकिली ठेवून, नाहीतर ओल आतच साचते. दमट हवेत हा नाद सोडा, पाणी सुकतच नाही आणि चिकचिक वाढते.

पंख्यापुढे बर्फाचं भांडं ठेवायची युक्ती सगळेच सांगतात. एक किलो बर्फ वितळताना त्या एक लिटर पाण्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी उष्णता घेतो. शिवाय तो घरच्या फ्रिजमधला असेल, तर तो गोठवताना त्याहून जास्त उष्णता स्वयंपाकघरात सुटलेली असते.

पायरी ६ : शेवटचा मजला असेल तर

इथे वरचे सगळे उपाय थोडे तोकडे पडतात, कारण स्लॅब दिवसभर डोक्यावर तापतो. परवानगी काढून गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा लेप द्या आणि तो धुऊन स्वच्छ ठेवा. धुळीने मळला की त्याचा उपयोग घटतो. तोवर रात्री अंथरूण जमिनीवर घाला, गरम हवा छताशी जमते.