लांब पल्ल्याच्या ट्रेकसाठी हलकं थर्मल कसं निवडायचं

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा रांगेवर एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. दुपारी धोडपच्या वाटेवर टी-शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असतो आणि रात्री माचीवर वाऱ्याने दातखीळ बसते. हातगडापासून अंकाई-टंकाईपर्यंत सलग चालायचं, तर सगळं बिऱ्हाड पाठीवर असतं. त्यामुळे थर्मल या रात्रीच्या गारठ्याला पुरेल असं हवं आणि दुपारी सॅकमध्ये असताना जाणवू नये इतकं हलकंही हवं. दुकानात मात्र बहुतेक जण ‘जास्त गरम कुठलं?’ एवढंच विचारतात आणि जाड अस्तराचा, अर्धा-पाऊण किलोचा जोड घेऊन घरी येतात.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: हे कपडे थांबल्यावर घालायचे आहेत. सकाळी ८ अंश तापमान असलं तरी सॅक घेऊन चढाला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत अंग तापतं. थर्मल अंगात असेल तर ते आतून ओलं होतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. खिंडीत पाणी प्यायला थांबलात की हुडहुडी भरते ती यामुळेच. म्हणून निघताना थोडी थंडी वाजत असेल तरच कपडे बरोबर आहेत असं समजा. थर्मलचा कोरडा जोड मुक्कामासाठी, झोपेसाठी आणि पहाटेच्या चहापुरता राखायचा. बर्फातला हिमालयन ट्रेक असेल तर वरचं थर्मल घालून चालावं लागतं. तेव्हा चालायचं वेगळं आणि झोपायचं वेगळं, असे दोन टॉप ठेवा. खालचं एक पुरतं.

आता रात्री किती थंडी असेल याचा हिशोब. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास आहे आणि साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे कागदावर सहा अंशांचा फरक. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा खाली उतरून सखल भागात साचते. म्हणूनच नाशिकजवळच्या निफाडचा पारा डोंगरमाथ्यापेक्षाही खाली गेलेला दिसतो. पायथ्याच्या गावात, ओढ्याकाठी किंवा धरणालगत मुक्काम असेल तर शहराचं किमान तापमान न बघता निफाडचं बघा. माथ्यावर पारा तितका उतरत नाही, पण तिथे वारा झोंबतो आणि वाऱ्यापुढे कुठल्याच थर्मलचं काही चालत नाही. तो अडवायला वरून विंडचीटरच लागतो. वारा लागतो म्हणून जाड थर्मल घेणं हा पैशांचा आणि वजनाचा अपव्यय आहे.

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. सह्याद्रीतल्या ८ ते १२ अंशांच्या रात्रींना १२० ते १५० जीएसएमचा जोड आणि वरून एक फ्लीस (मऊ, लोकरीसारखं जॅकेट) पुरतं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरला पायी जाणाऱ्यांनाही एवढंच पुष्कळ होतं, कारण तिथेही दिवसभर चालणं आणि रात्री साध्या अंथरुणावर पाठ टेकणं असंच असतं. नर्मदा परिक्रमेत अमरकंटकच्या पठारावर किंवा कुठेही पारा शून्याकडे झुकणार असेल तर टॉप १५०चाच ठेवा आणि खालचं १८० ते २०० घ्या. झोपेत पाय फारसे हलत नाहीत, आणि आपण फ्लीस-जॅकेट चढवतो ते सगळं कमरेच्या वरच. हिमालयातल्या संदकफू (३६३६ मीटर) किंवा केदारकंठासारख्या थंडीतल्या ट्रेकलाही २५० जीएसएमची गरज क्वचितच पडते. पातळ थर्मल आणि वरून फुगीर जॅकेट हे एका जाड थरापेक्षा उबदार पडतं, आणि ऊन चढलं की एकेक थर काढताही येतो.

कापडाचं लेबल वाचल्याशिवाय खरेदी करू नका. बाजारात ‘थर्मल’ म्हणून मिळणारा बराचसा माल सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेला असतो. घरात बसायला तो छान, ट्रेकला नाही: सूत पाणी धरून ठेवतं, फुगतं आणि रात्रभर वाळत नाही. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी शोषतच नाही, लवकर वाळतं, टिकतं आणि स्वस्त पडतं. त्याचा खरा दोष म्हणजे दोन दिवसांत येणारा वास. मेरिनो मेंढ्यांची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि आठवडाभर घातली तरी फारशी वास मारत नाही. पण ती महाग असते, सॅकच्या पट्ट्याखाली झिजते आणि कपाटात तिला कसर लागते. थोडं नायलॉन मिसळलेली मेरिनो जास्त टिकते. आठ-दहा दिवस धुणं शक्य नसेल तर मेरिनो घ्या. दोन-तीन मुक्कामांसाठी पॉलिएस्टरवर समाधान माना, त्यात काही कमी पडत नाही. रेशमी थर्मल सगळ्यांत हलकं, पण शिवणीत लवकर उसवतं. ते फक्त झोपायला ठेवावं.

लेबल नसेल किंवा विश्वास बसत नसेल, तर शिवणीच्या आतून निघालेले दोन-तीन धागे चिमट्यात धरून जाळून बघा. धागे शिवणदोऱ्याचे नकोत, कापडाचेच हवेत. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि ज्योत काढली की विझते. राख चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक काळा मणी होतो. सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही दिसतात.

मापाला वेळ द्या, कारण लांब चालीत त्रास देतं ते मापच. थर्मल अंगाला सगळीकडे टेकलं पाहिजे, पण दाबता कामा नये. सैल राहिलं तर मधली हवा हलते आणि ऊब टिकत नाही. आवळलं तर रक्त नीट खेळत नाही आणि बोटं गार पडतात. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात बघून बाहेर येऊ नका. दोन्ही हात वर करा: पोट उघडं पडलं तर टॉप आखूड आहे. मांडी घालून बसा, मग उकिडवे बसा: मागून कंबर उतरली किंवा जांघेत ओढ बसली तर नको. एक पाय स्टुलावर ठेवून गुडघा वाकवा आणि उठल्यावर बघा. गुडघ्याला पोंगा राहिला तर त्या कापडाला ताण धरवत नाही, दोन मुक्कामांत ते लोंबायला लागेल. मांड्यांच्या मध्ये वेगळा त्रिकोणी किंवा चौकोनी तुकडा जोडलेला असेल तर उत्तम, कारण मग चार शिवणी एका जागी येत नाहीत आणि मांड्या सोलवटत नाहीत.

शिवणी उलट्या बाजूने बघा. सपाट शिवण असेल तर बोट फिरवल्यावर उंचवटा लागत नाही. खांद्याची शिवण सॅकच्या पट्ट्याखाली येता कामा नये, ती थोडी पुढे किंवा मागे सरकवलेली असावी. कमरेला रुंद इलास्टिक घ्या. नाडीची गाठ सॅकच्या हिपबेल्टखाली येऊन दिवसभर टोचते. पायाची मोहरी घोट्याच्या वर संपली की मोज्याखाली दुहेरी थर होत नाही आणि बुटात फोड येत नाहीत. गळ्याला अर्धी चेन असलेला टॉप वीस-तीस ग्रॅमने जड असतो, पण चालायला घेणार असाल तर तेवढं वजन सोसावं. गरम झालं की सॅक न उतरवता हवा घेता येते.

घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. मध्यम मापाचा पूर्ण जोड ३५० ग्रॅमच्या आत असावा. मग वाळण्याची परीक्षा: जोड पाण्यात बुडवा, हाताने दाबा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा (मेरिनो नुसती दाबा) आणि वजन करा. संध्याकाळी सावलीत टांगा, मेरिनो आडवी पसरा. पातळ पॉलिएस्टर दोन-तीन तासांत मूळ वजनाजवळ यायला हवं, मेरिनोला जास्त वेळ लागतो. रात्रभरातही ओलसरच राहिलं तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ते ट्रेकला नेऊ नका.

धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम बाहेर खेचला जात नाही. मेरिनो गार पाण्यात, लोकरीसाठीच्या सौम्य द्रव साबणाने धुवा, पिळू नका आणि सावलीत आडवी वाळवा. टांगली तर ओल्या वजनाने लांबते. मुक्कामी शेकोटीजवळ पॉलिएस्टरच्या बाहीने बसू नका. एक ठिणगी पडली तरी भोक पडतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. वरून सुती शर्ट घाला. ट्रेकमध्ये जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या आतच ठेवा, म्हणजे पहाटेच्या दवात सॅक भिजली तरी तो कोरडा राहतो.

निघण्याआधी एखाद्या थंड रात्री तीच स्लीपिंग बॅग, तीच मॅट आणि तोच जोड घेऊन गच्चीवर झोपा. फक्त पाय गार पडले तर खालचं एक पायरी जाड घ्या किंवा लोकरीचे सैल मोजे जोडा. पाठ गार पडली तर दोष मॅटचा आहे, थर्मल बदलू नका. मध्यरात्री घाम आला तर टॉप पातळ करा.