नदीकाठच्या घरात पुराची तयारी कशी करावी: पाठीवरची सॅक आणि माळ्यावरचा साठा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५ फूट. या आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांना आवराआवर करायला बहुतेक वेळा थोडी सवड मिळते. चिपळूणमध्ये मात्र २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी काही तासांतच बाजारपेठेत शिरलं. त्यामुळे पुराची तयारी पाऊस सुरू झाल्यावर नाही, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच उरकायची.

बहुतेक घरांत सामान असतं, पण सगळं एकाच ठिकाणी भरलेलं असतं. मग घर सोडायची वेळ आली की ते उचलवत नाही, आणि घरातच अडकून पडलो तर ते खालच्या कपाटात पाण्याखाली जातं. म्हणून सुरुवातीपासून दोन वाटण्या करा: घर सोडताना पाठीवर घ्यायचं ते वेगळं, वर राहून दिवस काढायचे तर लागणारं वेगळं.

१. जागा ठरवा. याआधीच्या पुराची खूण भिंतीवर किंवा शेजाऱ्यांच्या आठवणीत असतेच. साठा त्या खुणेच्या बराच वर, म्हणजे माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. माळ्यावर चढायची शिडी घरातच हवी, अंगणातली शिडी वाहून जाते. सॅक दाराजवळच्या उंच खुंटीला अडकवा आणि ती कुठे आहे ते घरातल्या लहान मुलांनाही दाखवून ठेवा.

२. सॅक भरा, मग वजन करा. मोठ्या माणसाच्या सॅकचं वजन सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका, कारण कमरेइतक्या पाण्यात दोन्ही हात मोकळे लागतात. आत माणशी एक लिटर पाणी, एक दिवसाचं खाणं, औषधं, कागदपत्रं, बॅटरी, शिट्टी, एक जोड कपडे, टॉवेल आणि सॅनिटरी पॅड. बाळ असेल तर दूध पावडर आणि लंगोट. प्रत्येक वस्तू आधी जाड प्लॅस्टिक पिशवीत, मग सॅकमध्ये. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ सॅकवर विसंबू नका, तिच्या चेनमधून पाणी आत जातंच.

३. पाणी. इथे सगळ्यात जास्त हयगय होते. पूर आला की नळाचं पाणीही बंद होतं, कारण उपसा केंद्रं नदीकाठीच असतात आणि तीच आधी बुडतात. पिण्यासाठी आणि थोड्या स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर धरा. चौघांच्या घराला तीन दिवसांचं ३६ लिटर होतं. त्यासाठी २० लिटरचा जार नको, तो भरलेला माळ्यावर चढवता येत नाही. पाच लिटरचे आठ कॅन घ्या. दुधाचे, तेलाचे किंवा औषधफवारणीचे जुने कॅन कितीही घासले तरी वापरायचे नाहीत. पावसाळ्यात दर महिन्याला पाणी बदला. वापरायच्या पाण्याच्या बादल्या आणि पिंप वेगळे भरून ठेवा.

सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. एक गोळी किती लिटरला, हे कंपनीप्रमाणे बदलतं. पाकिटावरचं प्रमाण कॅनवर मार्करने लिहून ठेवा, अंधारात बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. म्हणून पाणी आधी निवळू द्या, चारपदरी सुती कापडातून गाळा, मग गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवा. दारातलं पुराचं पाणी मात्र गोळी टाकूनही पिऊ नका. त्यात मैला तर असतोच, शिवाय डिझेल आणि कीटकनाशकंही असतात, आणि ती क्लोरीनने जात नाहीत.

४. खाणं असं हवं, जे शिजवावं लागणार नाही. चुरमुरे, फुटाणे, गूळ, खजूर, चिक्की, खाकरा, बिस्किटं. भडंग चालतं, पण दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत मऊ पडतं आणि त्यातल्या शेंगदाण्यांना खवट वास येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, महिन्याने खाऊन टाका आणि नवं भरा.

५. औषधं. रक्तदाब, मधुमेह, दमा यांच्या रोजच्या गोळ्या किमान सात दिवसांच्या, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. ओआरएसची पाकिटं घेताना ती २०० मिलिलिटरची आहेत की एका लिटरची, ते बघा. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होतं, आणि लहान मुलांना ते घातक ठरू शकतं. पुराच्या पाण्यातून चालला असाल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा.

६. उजेड आणि फोन. बॅटरीतले सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिले तर ते पाझरतात आणि बॅटरी कायमची निकामी होते. पॉवर बँक पडून राहिली तरी उतरते, तिला दर महिन्याला चार्जिंग लावा. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक, तसेच दोन नातेवाइकांचे नंबर, कागदावर लिहून लॅमिनेट करा. मोबाइल टॉवर बंद पडला की यूपीआय चालत नाही. म्हणून दोन-तीन हजार रुपये पन्नास-शंभरच्या नोटांत ठेवा.

७. कागदपत्रं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा किंवा मालमत्ता कर पावती, विमा पॉलिसी, मुलांचे दाखले. मूळ प्रती झिपच्या पिशवीत, फोटो मोबाइलमध्ये आणि गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे. मे महिन्यातच घरातल्या प्रत्येक खोलीचे आणि सामानाचेही फोटो काढा. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा, आणि विम्याच्या दाव्यालाही, ते उपयोगी पडतात.

निघताना करायची कामं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोरड्या पायांनी मेन स्विच बंद करा. स्विचबोर्डाजवळ पाणी आलं असेल तर त्याला हात लावू नका. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी बसवा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, कारण सिलिंडर पाण्यावर तरंगत जातो. जनावरं आधीच उंचावर न्या. तेवढा वेळ नसेल तर निदान त्यांची दावी सोडा.