विंडोज आणि उबंटू एकाच लॅपटॉपवर: ग्रब नीट कसा बसवायचा

विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर उबंटू (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलं की सुरुवातीला काय उघडायचं हे दोन ठिकाणी ठरतं. एक फर्मवेअर, ज्याला आपण अजून बायोसच म्हणतो. कोणता बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) आधी चालवायचा त्याची यादी तिथे असते. दुसरा ग्रबचा, म्हणजे उबंटूसोबत येणाऱ्या बूटलोडरचा, मेनू. लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जात असेल तर दोष फर्मवेअरच्या यादीत आहे. थेट उबंटूत जात असेल, किंवा मेनूत विंडोज दिसत नसेल, तर तो ग्रबच्या मांडणीत आहे. हे आधी ओळखा, म्हणजे भलतीकडे हात घातला जाणार नाही.

आधी विंडोजमध्ये

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे टाळू नका. की नसेल तर डेटा परत मिळत नाही. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि उबंटूमधून त्या ड्राइव्हवर लिहिताना फाइली बिघडू शकतात. मग 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'समोर यूईएफआय (फर्मवेअरची नवी पद्धत; जुनी ती लेगसी) आहे ना ते बघा. उबंटूचा पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू करायला हवा. लेगसी मोडमध्ये बसवलेला ग्रब यूईएफआयमधलं विंडोज उघडू शकत नाही.

ग्रबची फाइल

'बूट' फोल्डरमधली 'ग्रब डॉट सीएफजी' हाताने बदलू नका. पुढच्या कर्नल (उबंटूचा गाभा) अपडेटला ती नव्याने लिहिली जाते. बदल करायचे ते /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये, सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) वापरून:

ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड
ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू
ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू
ग्रब_टाइमआउट=१०
ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स

टाइप करताना डावीकडची नावं कॅपिटलमध्ये, उजवीकडचे शब्द स्मॉलमध्ये. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडली तर ओळ चालत नाही.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. मेनूत विंडोज न दिसण्याचं नेहमीचं कारण हेच. पहिल्या दोन ओळींमुळे ग्रब मागच्या वेळची निवड लक्षात ठेवतो. विंडोजचं मोठं अपडेट मध्येच दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. दरवेळी उबंटू उघडलं तर ते अर्धवट राहतं. '/बूट' बीटीआरएफएस फाइलसिस्टीमवर किंवा एलव्हीएमवर (डिस्क विभागण्याची वेगळी पद्धत) असेल तर मात्र ग्रबला ही आठवण लिहिता येत नाही.

फाइल सेव्ह करून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ यायला हवी. ती आली नाही तर ओएस-प्रोबर हे पॅकेज एपीटीने (उबंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या कमांडने) बसवून पुन्हा चालवा.

फर्मवेअरची यादी

विंडोज अपडेटनंतर ग्रब 'गायब' झाला की लोक घाबरून उबंटू पुन्हा टाकायला घेतात. बहुतेक वेळा ग्रब जागेवरच असतो, फक्त यादीत विंडोज वर गेलेलं असतं. एफ२ किंवा एफ१२ दाबून 'उबंटू' निवडा आणि आत शिरून 'सुडो ईएफआय-बूट-एमजीआर' चालवा (मधल्या रेघा टाइप करायच्या नाहीत). समजा उबंटू ०००३ आणि विंडोज ०००० आहे, तर त्याच कमांडपुढे '-ओ ०००३,००००' द्या. पेनड्राइव्हसारख्या इतर नोंदीही लिहा, कारण ही यादी जुनी पुसून बसते. काही लॅपटॉप ती मानत नाहीत. तिथे क्रम बायोस सेटिंगमध्येच बदलावा लागतो.

एफ१२ च्या यादीत उबंटूची नोंदच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह (न बसवता उबंटू चालवणारा) लागतो. उबंटूचं मुख्य पार्टिशन '/एमएनटी'वर, ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवण्याची जागा) त्याच्या आतल्या '/बूट/ईएफआय'वर माउंट करा, म्हणजे जोडा. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चालू प्रणालीचे चारही फोल्डर तिथे जोडा. सिस जोडताना '--आरबाइंड' वापरा, नाहीतर फर्मवेअरमध्ये नोंद लिहिली जात नाही. मग सीएचरूट कमांडने त्या उबंटूत शिरून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवा. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका, विंडोजचा बूटलोडरही तिथेच आहे.

निळा पडदा आणि घड्याळ

ग्रबमधून विंडोज उघडल्यावर बिटलॉकर निळ्या पडद्यावर की मागत असेल तर तो बिघाड नाही. टीपीएम ही सुरक्षा चिप बूटची साखळी मोजते आणि मध्ये ग्रब आला की मोजणी बदलते. असं होत असेल तर विंडोज एफ१२ च्या मेनूतून थेट उघडा; त्यासाठी बिटलॉकर बंद करू नका.

उबंटूतून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. उबंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एकदा चालवलं की दोन्हीकडे वेळ जुळते.