सेमिनरीतला खून लिहिताय? मग या चुका टाळा

ख्रिस्ती रहस्यकथा, तीही सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या पोरांमध्ये घडणारी, जमली तर भारीच. बंद आवार, घंटेवर चालणारा दिवस आणि प्रत्येकाला चांगलं दिसायची सक्ती, असं आयतं सामान दुसरीकडे कुठे मिळणार? पण असे ड्राफ्ट वाचायला घेतले की बहुतेकांत कॉलेज हॉस्टेलमधलाच खून असतो, फक्त भिंतीवर क्रूस टांगलेला. एक सोपी टेस्ट करा. क्रूस काढून टाका, आणि गोष्टीचं काहीच अडलं नाही तर समजा की प्लॉट अजून सेमिनरीच्या गेटबाहेरच उभा आहे.

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे सेमिनरी कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट हेच लेखकाने ठरवलेलं नसतं. एकट्या पुण्यात दोन्ही आहेत. नगर रोडची कॅथलिक पेपल सेमिनरी ही १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली, तर प्रोटेस्टंट युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. कॅथलिक सेमिनरीत राहणारी पोरं सगळी अविवाहित, त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आधी फिलॉसॉफी मग थिऑलॉजी अशी वर्षानुवर्षं चालणारी गाडी. प्रोटेस्टंटांकडे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करणाऱ्यांत मुली असतात, लग्न झालेले असतात, फॅमिली क्वार्टर्समध्ये पोरंबाळं खेळत असतात. आणि आपल्या ड्राफ्टमध्ये ब्रदर जॉनची बायको त्याच्याच वर्गात शिकते आणि संध्याकाळी दोघं फादरकडे कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, जातात! पहिल्या पानाआधी एकच बाजू ठरवा. आणि खरी संस्था घेऊन तिच्यात प्रेत टाकू नका, नाव आणि आवार काल्पनिकच बरं.

आता कन्फेशन, कारण नव्वद टक्के प्लॉट इथेच फसतो (आकडा माझ्या वैतागाचा आहे). थिऑलॉजीच्या तिसऱ्या वर्षाचा हिरो मित्राचं कन्फेशन ऐकतो, असं लिहिलेलं असतं. नाही ऐकू शकत. डीकन, म्हणजे प्रीस्टच्या आदल्या पायरीवर पोचलेलासुद्धा नाही, फक्त दीक्षा झालेला आणि तशी परवानगी असलेला प्रीस्टच. दुसरी गंमत, फादर दोन पानं तळमळतात आणि मग इन्स्पेक्टरला सगळं सांगून टाकतात. कॅथलिक कायद्यात ते गुपित कुठल्याही कारणासाठी फोडता येत नाही, आणि जाणूनबुजून थेट फोडलं की तो प्रीस्ट आपोआप बहिष्कृत. सांगणं सोडाच, ऐकलेली माहिती त्या माणसाच्या वाईटासाठी वापरायचीही नाही. म्हणजे खुनी कोण हे कळल्यावर ‘आपला जरा याच्यावर डोळा ठेवा’ असं वॉचमनला पुटपुटणंही अवघड.

लोकांना ही अडचण वाटते, पण कथेचं इंजिन हेच आहे. चर्चचा कायदा असंही म्हणतो की सेमिनरीच्या रेक्टरने, म्हणजे तिथल्या प्रमुखाने, आपल्याच आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कन्फेशन्स ऐकायची नाहीत, पण एखाद्या वेळी विद्यार्थ्याने स्वतःहून मागितलं तर चालतं. आणि कोणाला दीक्षा द्यायची, कोणाला काढायचं हे ठरवताना कन्फेशन ऐकणाऱ्याचं आणि स्पिरिच्युअल डायरेक्टरचं (आध्यात्मिक मार्गदर्शकाचं) मत विचारायलाच मनाई आहे. आता हे जोडून बघा. रेक्टरला संशय आलाय, उद्या तो चौकशी लावणार, आणि आदल्या रात्री खुनी पोरगा दार वाजवून म्हणतो, फादर, मला कन्फेशन करायचंय. झालं, रेक्टरच्या तोंडाला कुलूप. पश्चात्ताप खरा होता की नाटक हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो गप्पच बसणार, आणि बाकी सगळ्यांना वाटणार की रेक्टरच काहीतरी लपवतोय. शिवाय आपल्या देशाच्या कायद्यात वकिलाला आणि नवराबायकोला जसं संरक्षण आहे तसं धर्मगुरूला नाही, १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टमध्ये नव्हतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही, त्यामुळे कोर्टाने विचारलं तर तो दोन्हीकडून अडकला. हाच प्लॉट बी.डी.च्या हॉस्टेलात मात्र चालणार नाही, कारण पाळकसाहेबांशी, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरूंशी, केलेलं बोलणं खाजगी असलं तरी त्याला गुपिताचं असलं बंधन नसतं.

बायबलचे आकडे हा पुढचा खड्डा. खुनाजवळ चिठ्ठी सापडते, ‘सहावी आज्ञा मोडली’, आणि सगळे कॅथलिक ब्रदर हादरतात. का हादरतील? त्यांच्या मोजणीत ‘खून करू नको’ ही पाचवी, सहावी व्यभिचाराची. बहुतेक प्रोटेस्टंटांकडे खुनाची सहावी आणि पाचवी आईबापांचा मान राखण्याची. दुरुस्ती करायची तर चुकीवरच क्लू उभा करा. चिठ्ठीत फक्त ‘पाचवी मोडली’ लिहा आणि ती दोन्हीकडची पोरं येतात अशा लायब्ररीत ठेवा, एकजण खून वाचेल, दुसरा बापाशी भांडण वाचेल, आणि लिहिणारा कुठल्या घरात वाढला ते हळूच बाहेर येईल. स्तोत्रांचंही तसंच, आपलं एक्कावन्नावं स्तोत्र जुन्या लॅटिन बायबलात पन्नासावं आहे.

आणि दानीएल विसरू नका! कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्यात ६६, पण दानीएलचं पुस्तक दोन्हीकडे असूनही शेवटचे दोन अध्याय फक्त कॅथलिकांकडे सापडतात. त्यात सुसान्ना नावाच्या बाईवर व्यभिचाराचा खोटा आळ घेणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना दानीएल वेगवेगळं करून विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंत, आणि दोघं वेगवेगळी झाडं सांगून सापडतात. पुढे बेल नावाच्या देवाच्या मंदिरात तो जमिनीवर राख पसरतो आणि चोरून नैवेद्य खाणाऱ्या पुजाऱ्यांची पावलं सकाळी त्यात उमटलेली दिसतात. उलटतपासणी आणि पाऊलखुणा दोन्ही तिथे आहेत, तरी आपले लेखक इंग्रजी वाड्यातल्या फायरप्लेसकडे धावतात.

उपासनेतल्या वाईनच्या प्याल्यात विष घालणाऱ्यांना विनंती, आधी प्याला कोण पितं ते बघा. आपल्याकडच्या पुष्कळ मिस्सांमध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनांत, लोकांना फक्त होस्ट (पवित्र भाकरीची चकती) मिळतो, त्यामुळे तिथे मरणार ते वेदीवरचे फादर. छोटे वेगळे पेले प्रोटेस्टंट चर्चमध्ये असतात, आणि तिथे काही ठिकाणी वाईनऐवजी द्राक्षाचा रस.

हिरो चॅपलमध्ये गुडघे टेकतो आणि अचानक त्याला खुनी कळतो, हे तर कृपा करून नकोच. रोनाल्ड नॉक्स हे स्वतः कॅथलिक प्रीस्ट, अख्खं बायबल एकट्याने इंग्रजीत आणलेला माणूस, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले त्यात दैवी शक्तीला सरळ बाहेर काढलं. प्रार्थनेने हिरोला धीर येऊ दे, लाज वाटू दे, क्लू मात्र पायांनी फिरूनच मिळाला पाहिजे.

खुनी म्हणजे शंका घेणारा विद्यार्थी, हाही कंटाळा आलेला प्रकार. ग्रीक-हिब्रू शिकताना शंका सगळ्यांनाच येतात, ती खुनाची तयारी नसते. कारण सेमिनरीतच शोधा. उदाहरणार्थ, गुरुदीक्षेला अडथळा ठरेल असं काही उमेदवाराबद्दल माहीत असेल तर ते आधी कळवणं हे कॅथलिक भाविकांचं कर्तव्य आहे, आणि पूर्वी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला असेल तर रोमच्या खास सवलतीशिवाय दीक्षा होत नाही. दीक्षेला तीन आठवडे, पत्रिका छापून झाल्यात, आई गावात सांगत फिरतेय, आणि बिशप हाऊसला एक निनावी पत्र येतं. इथून पुढे तुम्हाला माझी गरज नाही.

पोलिसांचं थोडक्यात: प्रेत सापडल्याबरोबर सीआयडी येत नाही. संशय उघड नसेल तर आधी स्टेशनला अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, मग गुन्हा, आणि २०२४ च्या जुलैनंतरची गोष्ट असेल तर ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३. नोंद आणि पीएम रिपोर्टच्या मधले दिवस हिरोला देऊन टाका, तेव्हाच तो खोल्या-खोल्यांतून फिरू शकतो.