गल्ला जुळत नाही? दुकानाच्या रोजच्या कामातल्या या चुका टाळा

रात्री शटर ओढायच्या वेळी गल्ला कमी भरला की पहिला संशय दुकानातल्या पोरावर जातो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत विचारा नाहीतर राजारामपुरीत, किराणा दुकानदाराची तऱ्हा सगळीकडे हीच. पोरगं पैसे उचलतच नसेल असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण त्याच्यावर आळ घेण्याआधी तपासायच्या काही गोष्टी असतात. त्यातल्या बहुतेक सकाळी दुकान उघडतानाच बिघडलेल्या असतात, रात्री फक्त उघड्या पडतात. आणि विनाकारण संशय घेतलेलं चांगलं पोरगं चार दिवसांत शेजारच्या दुकानात दिसतं, हे नुकसान कुठल्या वहीत लिहिता येत नाही.

सकाळची शिल्लक न मोजता बोहणी करणं

"काल रात्री मोजलंय की," म्हणून सकाळी गल्ला तसाच उघडला जातो. मधल्या वेळात घरच्या कुणीतरी दूधवाल्यासाठी त्यातले दोनशे काढलेले असतात. त्यामुळे उदबत्ती लावली की आधी शिल्लक मोजा, रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या रोख जमा-खर्चाच्या वहीत लिहा, मगच पहिलं गिऱ्हाईक.

हिशेब सोपा आहे. समजा सकाळची शिल्लक २,००० रुपये. दिवसाची बिलं १८,४५० ची. त्यातले ९,२०० यूपीआयने आले, १,१५० उधारीवर गेले, म्हणजे रोख विक्री ८,१००. जुन्या उधारीचे १,५०० वसूल झाले. चहा, हमाली आणि पाववाला धरून खर्च १,०००. गल्ल्यात १०,६०० असायला पाहिजेत, पण वहीत आकडा दिसतोय १०,०६०. फरक ५४० चा.

आता डोकं धरून बसण्याआधी फरकाला नऊने भागून बघा. पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. इथं १०,६०० मोजून लिहिताना १०,०६० लिहिले गेले. नऊने भाग जात नसेल तर फरक निम्मा करा आणि त्या रकमेची नोंद शोधा. २४० ची हमाली खर्चाऐवजी जमेला लिहिली असेल तर फरक ४८० चा येतो. नेमका ५०० किंवा १०० चा फरक असेल तर सुट्टे देताना नोट जास्त गेली असण्याची शक्यता मोठी. मुनीम लोकांची ही जुनी युक्ती अजून कॅल्क्युलेटरपेक्षा लवकर काम करते.

दुपारी जेवायला जाताना गल्ला दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर तेव्हाही मोजूनच द्या. भाऊ असो, बायको असो. नाहीतर रात्री चूक कुणाच्या वेळेत झाली ते सापडत नाही आणि भांडण घरात शिरतं.

यूपीआयचा आवाज ऐकून माल देणं

गर्दीत साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा, दोनदा बोलला की एकदा बोलला, कुणाला कळतंय! नेट गेलं की तो गप्पच बसतो. गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. रक्कम आपल्या ॲपमध्ये दिसली पाहिजे. सकाळी एकदा स्वतःच्या क्यूआर कोडवर एक रुपया पाठवून आपलंच नाव येतंय का बघा, कारण बाहेरच्या बाजूला लावलेल्या कोडवर दुसरा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात. शिवाय काही ॲपमध्ये पैसे लगेच बँकेत जात नाहीत, एकत्र करून नंतर जमा होतात. म्हणून रात्रीचा मेळ बँकेच्या मेसेजवरून नाही, ॲपमधल्या दिवसाच्या यादीवरून लावा.

टेम्पो आला की डोळे झाकून सही करणं

माझ्या मते दुकानाला सगळ्यात महाग पडणारी चूक ही. टेम्पो नेमका गर्दीच्या वेळी येतो. "मामा, बघून घ्या की नंतर, पुढं अजून चार दुकानं हाईत," असं म्हणत माणूस बिल पुढं करतो आणि आपण एका हाताने साखर तोलत दुसऱ्या हाताने सही ठोकतो. संध्याकाळी बॉक्स फोडल्यावर कळतं की बिस्किटाचे दोन पुडे कमी आहेत आणि तेलाच्या पिशवीला भोक आहे. सही तर झालेली आहे.

त्याला चहा सांगा, पण माल बघूनच सोडा. बॉक्स नुसते मोजू नका. सील, एक्स्पायरीची तारीख आणि एमआरपी या तीन गोष्टी बघा. एमआरपी बदललेली असेल तर जुना आणि नवा माल एकाच रांगेत मिसळू नका. छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी तो गुन्हा आहे, आणि चूक होते ती नेमकी अशा मिसळलेल्या रांगेत. कमी निघालेला माल त्याच्याच बिलाच्या प्रतीवर लिहून त्याची सही घ्या. फोनवर "पुढच्या वेळी देतो" म्हटलेलं पुढच्या वेळी कुणाला आठवत नाही.

नवा माल मागे, जुना पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि पोरगं घाईत उलटंच लावतं. रवा-मैद्यात जाळी आणि तांदळात टोके दिसायला लागले की समजा, तळाचा जुना माल हललेलाच नाही.

काट्यावर विश्वास टाकणं

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी वैधमापन विभागाकडून, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून करून घ्यावी लागते. पण वर्षभर मध्ये काय होतं? रोज सकाळी एक किलोचं शिक्का असलेलं माप ठेवून बघा. आकडा हलत असेल तर आधी पंखा बंद करा, मग काटा सपाट जागेवर आहे का आणि ताटाखाली साखरेचे कण अडकलेत का ते बघा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. किलोमागे २० ग्रॅम जास्त जात असतील तर ५० किलोच्या पोत्यात एक किलो साखर फुकट गेली.

उधारी आठवणीवर ठेवणं

वहीत नुसतं "पाटील - ३२०" लिहिलेलं असेल तर वसुली कुणाकडून करायची? आपल्या गल्लीत पाटलांची काय कमी आहे? "पाटीलवैनी, तिसरी गल्ली, तेल व डाळ" असं लिहा, आणि माल देतानाच लिहा.

बिलाच्या मशीनकडे न बघणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट ५ टक्क्यांवर आली. मशीनमध्ये एखादी वस्तू जुन्याच दराने बसलेली असेल तर ती शोधून काढा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या दुकानदाराने उलाढालीवर ठराविक टक्के कर भरायच्या सोयीत असाल तर बिलावर कर वेगळा लावायचाच नाही. खाद्यपदार्थ विकता तर बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर असलाच पाहिजे.

पावसाळ्यात उन्हाळ्याचीच घडी चालवणं

आपल्याकडं जूननंतर दुकानाची रीत बदलावी लागते. गुळाला पाणी सुटतं, ढेप उघडी ठेवली तर आठवड्यात मऊ पडते, म्हणून लागेल तेवढाच बाहेर काढून बाकी प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पोती थेट फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब. संकेश्वरी मिरची, शेंगदाणे आणि खोबरं रोज हात घालून बघायचं, गरम किंवा ओलसर लागलं तर लगेच पसरायचं.

शाहूपुरी, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर या भागातल्या दुकानदारांना २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी गल्ल्याबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळीही बघायची. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ च्या जवळ आली की नवी मागणी थांबवा. साखर, मीठ, पीठ आधी वरच्या फळीवर किंवा माळ्यावर चढवा, डबाबंद माल नंतर. काटा, बिलाचं मशीन आणि उधारीची वही त्याच दिवशी घरी न्या.