थंडीत पळायला टोपी कशी घ्यायची

जानेवारीत पहाटे साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढायला लागलं की थोड्याच वेळात डोकं घामाघूम होतं आणि उतरताना त्याच घामाला गार वारा लागून कान पार बधिर होतात, म्हणून टोपी नुसती उबदार आहे का एवढंच बघू नका. जाड माकडटोपी फिरायला ठीक, पळायला नको. कॉटन तर नकोच, घाम पिऊन ओलंच राहतं. पातळ पॉलिस्टर नाहीतर मेरिनो वूल (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) घ्या, मेरिनो महाग पडते पण ओली झाली तरी ऊब देते आणि वासही कमी मारते. दुकानात कापड तोंडाला लावून फुंकर मारून बघा, हवा आरपार जायला पाहिजे. कान पूर्ण झाकायला हवेत, आणि ऊन आलं की घडी करून खिशात मावली पाहिजे. धुताना सॉफ्टनर टाकू नका प्लीज, कापड घाम ओढेनासं होतं.